दोन ठोके, मग एक

मॅकी कोव्ह, १९ ऑगस्ट २०१९

लायल,

पत्ता कॉर्बिनकडून घेतला. तुम्ही मामा-भाचे फोनवर बोलता हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. तो बोट धुवायचं निमित्त काढून धक्क्यावर जातो, आणि मी खिडकीतून बघत बसते की एवढी धुऊनही बोट घाणेरडी कशी राहते. त्याच्यावर चिडू नकोस. मीच हात धुऊन त्याच्या मागे लागले होते.

सहा वर्षांतलं पहिलं पत्र. सुरुवात कशानं करावी कळत नाही, म्हणून कामाचंच लिहिते. बोटीचं छत बदललं. जुनं गळायचं आणि पाहुण्यांच्या मानेवर पडायचं. इंजिन बरं चाललंय. आईच्या घराची चूल मी काढून टाकली नाही, मावशी म्हणते काढ, पण मी नाही काढली. लाकडाच्या गिरणीत तुझं चांगलं चाललंय असं कॉर्बिन म्हणतो. समुद्रापासून इतक्या आत माणसाला झोप तरी कशी लागते, देव जाणे.

आज नदीवर गेले होते. श्टुटगार्टचं एक जोडपं आणि टोरांटोच्या दोघी बहिणी. त्यातल्या थोरल्या बहिणीनं मला विचारलं, "ही अस्वलं खरंच जंगली आहेत ना?" मी म्हटलं, "बाई, उतरून विचारून या." कॉर्बिननं मला डोळ्यांनी दटावलं. पाहुण्यांशी असं बोलत नाहीत म्हणे. तू असतास तर हसला असतास.

भरती नुकतीच लागली होती. सॅल्मन मासे नदीत चढायला लागलेत, पण अजून थोडे आहेत, त्यामुळे अस्वलं किनाऱ्यावरचे धोंडे उलथून खेकडे खात होती. एक मोठा नर पलीकडच्या काठाला, आणि अलीकडे, गवतात, एक मादी. सोबत एकच पिल्लू. तिनं मान वळवली तेव्हा डाव्या खांद्यावरचा फिकट पट्टा दिसला.

लायल, ती आपल्या थोरलीची, त्या जुन्या अस्वलिणीची मुलगी आहे. थोरलीला गोळी लागली तेव्हा दोन पिल्लं होती, त्यातलं एक त्याच उन्हाळ्यात मेलेलं सापडलं आणि दुसरं दिसेनासं झालं. आपण धरून चाललो की तेही गेलं. गेलेलं नव्हतं. आईचाच पट्टा घेऊन, आता स्वतःचं पिल्लू घेऊन आली आहे. हे तुला कळवावंसं वाटलं. दुसरं कुणी कळवणार नाही.

आणखी एक. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी अँब्रोज मामा गावाच्या मोठ्या घरात मेजवानी देणार आहे. त्याचे गुडघे गेले, आता त्याला घराण्याचं नाव खांद्यावरून उतरवायचंय. मामाचं नाव भाच्याला, हे काय मी तुला सांगायचं. ते तुला मिळणार होतं. आता ते एक पिढी ओलांडून कॉर्बिनला देणार आहेत.

हे तुला मी कळवतेय. मामानं सांगितलेलं नाही.

डोरीन


मॅकी कोव्ह, २ सप्टेंबर

लायल,

उत्तर आलं नाही. कॉर्बिनला विचारलं तर म्हणाला, "मामानं वाचलं. काही बोलला नाही." काही न बोलणं ही तुझी जुनीच खोड. माझी खोड उलटी आहे, आणि त्या खोडीबद्दलच आज लिहायचंय. मागच्या वेळी छताबद्दल लिहून पान भरलं. छत गेलं चुलीत.

बाबा खडकाच्या वळणाशी इंजिन बंद करायचे. मग ते यू झाडाच्या लाकडाचं वल्हं उलटं धरून बोटीच्या काठावर ठोकायचे. दोन ठोके, थोडं थांबून मग एक. आणि अस्वलांना म्हणायचे, "आजी, आम्ही आलोय. बघायला आलोय, न्यायला काही नाही." दुसऱ्याच्या घरात शिरताना दार वाजवावं, तसं. गावातली प्रत्येक बोट काही ना काही वाजवते, कुणी शीळ घालतं, कुणी गातं. अस्वलाला दचकवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पण थोरलीनं आपले ठोके ओळखले, हे आधी तुझ्या लक्षात आलं. मोठे नर बोटीपासून लांब राहतात. ते पिल्लं मारतात, म्हणून ती पिल्लं घेऊन मुद्दाम आपल्याजवळ यायची, बाजारात शेजारणीपाशी मूल सोडावं तशी. आपण ठोकलं की ती वीसेक मिनिटांत झाडीतून बाहेर यायची आणि बोटीसमोर गवतात बसून निवांत पिल्लांना पाजायची. पाहुण्यांना वाटायचं, काय आपलं नशीब. गावाला वाटायचं, डोरीनचा हातगुण.

तू मला तेव्हा म्हणाला होतास, "ताई, हे कुणालाही सांगायचं नाही. पाहुण्यांना नाही, मावशीला नाही, कॉर्बिनलाही इतक्यात नाही. तिनं विश्वास आपल्यावर टाकलाय, गावावर नाही." मी फणकाऱ्यानं म्हणाले होते, "मी काय दवंडी पिटत फिरते का?"

तिला मी पाहुण्यांसाठी 'ऑलिव्ह' असं नाव ठेवलं, तेही तुला आवडलं नव्हतं. तू तिला शेवटपर्यंत थोरलीच म्हणालास. नाव ठेवलं की ती आपली वाटायला लागते, असं बाबा म्हणायचे, आणि मला वाटायला लागलीच होती.

तर. प्रुइटला ठोक्यांचं मी सांगितलं.

हे वाक्य लिहून मी उठले, चहा केला, प्यायले नाही, परत बसले. अजून तेच वाक्य आहे.

सप्टेंबर २०१२, तो चार दिवस पाहुणा म्हणून आला होता. तू तेव्हा वरच्या खाडीत, नदी-जंगल राखणाऱ्या आपल्या राखणदारांच्या गस्तीवर होतास. लांब भिंगाचा कॅमेरा, गोड बोलणं, माझ्या तळलेल्या पावाचं कौतुक. तिसऱ्या दिवशी बाकीच्या तीन बोटी रिकाम्या हातांनी परतल्या आणि आपल्यासमोर थोरली दोन्ही पिल्लांसह तासभर बसली. परत येताना तो म्हणाला, "या किनाऱ्यावर मी बारा वर्षं फिरतोय, पण तुमच्यासारखी बाई पाहिली नाही. तुमचं आणि त्यांचं काहीतरी ठरलेलं आहे." नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. चार वर्षांत मला कुणी 'तुमच्यासारखी बाई' म्हटलं नव्हतं. त्यानं मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि मी टुणकन चढले. वल्हं त्याच्या हातात दिलं. "असं नाही, हलक्या हातानं," म्हणून मनगट धरून शिकवलं.

पुढच्या मे महिन्यात तो परत आला तो बंदूक घेऊन. सरकारी कागदावर अस्वलाची शिकार तेव्हा चालत होती, आपल्या गावांच्या कागदावर चालत नव्हती. ते पुढचं तुला माहीत आहे. पिल्लांच्या आईला मारायला सरकारचीही मनाई होती; पिल्लं मला दिसलीच नाहीत, असं त्यानं सांगितलं, दंड भरला आणि निघून गेला. जाण्याआधी बोटीत तेल भरायच्या धक्क्यावर उभं राहून फुशारकी मारली, "दोन वाजवले, एक वाजवला, कुत्र्यासारखी धावत आली."

डोरीन


मॅकी कोव्ह, ३ सप्टेंबर

लायल,

कालचं पत्र टपालात टाकलं आणि आज पुन्हा बसले, कारण कालच्यात मी थोरली गेल्यानंतरची गावच्या हॉलमधली बैठक गाळली. गाळली म्हणजे टाळली.

थोरली पडली त्याच्या आदल्या संध्याकाळी तुला प्रुइटच्या बोटीवर बसलेलं लोकांनी पाहिलं होतं. तू का गेला होतास ते मला ठाऊक होतं. त्यानं आणलेल्या लांब पेटीत बंदूक आहे का हे त्याच्याकडून काढून घ्यायला गेला होतास, आणि त्याच्याबरोबर दोन ग्लास घेतल्याशिवाय तो बोलला नसता. गावानं एवढंच पाहिलं की लायल दारू पितोय आणि दुसऱ्या दिवशी अस्वलीण मेली. दोन अधिक दोन.

हॉलमध्ये रोडा मावशीनं सगळ्यांसमोर विचारलं, "लायल, ठोके त्याला तू सांगितलेस?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी तिसऱ्या रांगेत, आईच्या शेजारी. बाबा गेल्यानंतर ते ठोके काय करतात हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, एक तू आणि एक मी. तू सांगितलं नव्हतंस. म्हणजे तुला त्याच क्षणी कळलं होतं. मी खाली बघितलं. माझ्या बुटाला चिखल लागला होता, तो मी बघत बसले.

तू हो म्हणाला नाहीस, नाहीही म्हणाला नाहीस. राखणदाराचं जॅकेट काढलंस, खुर्चीच्या पाठीवर ठेवलंस आणि बाहेर गेलास. पुढच्या फेरीबोटीनं गाव सोडलंस.

मी स्वतःला सांगत आले की तू माझ्यासाठी गप्प बसलास. माझी बोट गेली असती, कॉर्बिन सतराचा होता, आई माझ्याकडे होती. मोठ्या मनाचा माझा भाऊ. असं म्हटलं की मला बरं वाटायचं, जणू तू मला भेट दिलीस आणि मी ती घेतली एवढंच. तू मला भेट दिली नव्हतीस. तू वाट बघत होतास. मी उठून बोलेन म्हणून दारापर्यंत हळूहळू चालत गेलास. मला आत्ताही तुझी पाठ दिसते.

आई शेवटपर्यंत म्हणायची, "पोराला म्हणावं, मी माफ केलंय, घरी ये." तुला तिनं माफ केलं होतं, लायल, जे तू केलंच नव्हतंस त्याबद्दल. मी तिच्या पायांना तेल लावत ऐकायचे आणि म्हणायचे, "हो आई, कळवते." मी कळवलं नाही. कळवलं असतं तर तू आला असतास, आणि तू आला असतास तर मला तिच्यासमोर तुझ्याकडे बघावं लागलं असतं. तिच्या अंत्यविधीची खबरही तुला कॉर्बिननं उशिरा दिली. उशीर त्याचा नव्हता. मीच त्याला म्हटलं होतं, थांब, मी करते फोन.

यापुढे आज लिहवत नाही.

डोरीन


मॅकी कोव्ह, १५ सप्टेंबर

लायल,

काल नदीवर अपघात होता होता वाचला.

तुला हे माहीत नसेल, पण तू गेल्यापासून मी ठोकत नाही. हात वल्ह्याकडे जातच नाही. वळणाशी इंजिन बंद करते आणि चोरासारखी गुपचूप आत शिरते. कॉर्बिननं एकदोनदा विचारलं होतं, मी म्हटलं, पाहुण्यांना आवाज आवडत नाही. बाकीच्या बोटी बाहेरूनच वाजवतात, त्यामुळे अस्वलं आधीच सावध असतात, म्हणून सहा वर्षं खपून गेलं. काल आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो.

पाऊस होऊन नदी फुगली होती. वळण घेतलं आणि प्रवाहानं बोट उथळ भागाकडे रेटली. समोर थोरलीची मुलगी, पोटापर्यंत पाण्यात, तोंडात मासा, पिल्लू मागे धोंड्यावर. मध्ये दहा पावलंही नव्हती. तिनं मासा टाकला. कान मागे गेले, तोंडातून फस्‌फस्‌ आवाज, आणि ती निघाली. मी तोंडानं "आजी, आजी, आम्ही आहोत" म्हणतेय आणि ती पाणी फोडत येतेय. कॉर्बिननं बांबू तळाला टेकवून बोट मागे ढकलली. आमच्यापासून एका बोटीच्या लांबीइतक्या अंतरावर ती थांबली. तिच्या नाकावरचे थेंब मला दिसत होते. मग वळली आणि पिल्लाकडे गेली. व्हँकुव्हरच्या एक बाई तोल जाऊन पडल्या, कोपर सुजलं, बाकी काही नाही. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, जन्मभर सांगायला गोष्ट झाली.

धक्क्यावर पाहुणे उतरले, आणि कॉर्बिन दोर बांधता बांधता थांबला.

"आई, तू ठोकत का नाहीस?"

"इंजिन बंद केल्यावर..."

"इंजिनाचं नाही विचारत. आजोबा ठोकायचे. मामा ठोकायचा. सगळं गाव ठोकतं. आज ती बाई मेली असती. ती अस्वलीणही मेली असती, कारण मग राखणदारांना तिला मारावं लागलं असतं. तू का ठोकत नाहीस?"

तुझ्याकडून पत्राचं उत्तर येत नसलं तरी मला वाटत होतं, कागदावर कबूल केलं म्हणजे झालं. पण पोटचं पोर समोर उभं राहून विचारतं तेव्हा छत आठवत नाही की इंजिन आठवत नाही. मी तिथेच, दोरांच्या ढिगावर बसून, त्याला सगळं सांगितलं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "आजी मामाची वाट बघत गेली."

"हो."

"आणि मला जे नाव देणार आहात, ते मामाचं आहे. तू मला मामाच्या अंगावरून उतरवलेलं घालायला देतेयस. आणि शिलाईही तुझीच."

मी म्हटलं, "मी मामाला पत्रं लिहिलीत."

"मामाला काय लिहितेस? त्याला तर पहिल्यापासून ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग."

एवढं बोलून तो कपडे घेऊन मित्राकडे राहायला गेला. चोवीस वर्षांचा आहे, थांबवणार कशी. खरं सांगू, लायल, मला त्याचा राग आला नाही. मला वाटलं, घराण्यात निदान एकाची जीभ वेळेवर चालते.

ताई
(लिहून गेले. खोडत नाही.)


मॅकी कोव्ह, ३० सप्टेंबर

लायल,

एक गोष्ट राहिली आहे, आणि ती कॉर्बिनलाही सांगितलेली नाही. आधी तुला.

मी सगळीकडे असं लिहिलं की प्रुइटनं मला फसवलं. गोड बोलला, मी भाळले, मला काय माहीत तो शिकारी. हे खोटं आहे.

त्या तिसऱ्या दिवशी वल्हं हातात घेण्याआधी त्यानं मला विचारलं, "संध्याकाळी वारा कुठून येतो इथे?" मी सांगितलं, समुद्राकडून. मग विचारलं, "ती नेहमी याच काठाला येते?" मी सांगितलं, हो.

आपण आयुष्यभर फोटोवाले नेले आहेत. ते उजेड विचारतात. सूर्य कुठे असेल, सावली कधी पडेल, ढग आले तर काय. आजवर एकानंही वारा विचारला नाही. वारा विचारतो तो, ज्याला आपला वास जनावराला जाऊ द्यायचा नसतो. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मला कळलं. अर्धं नाही, पुरतं कळलं.

आणि तो हसून म्हणाला, "दाखवा ना ती तुमची जादू," आणि मी दाखवली. कारण त्या घडीला गप्प बसले असते तर मी पुन्हा नुसती बोट हाकणारी विधवा झाले असते. एवढ्यासाठी.

थोरली मेली हे कळलं तेव्हा मी जोरजोरात रडले, सगळ्यांनी माझी समजूत काढली. तूही काढलीस. तेव्हा तुला अजून माहीत नव्हतं. ते समजूत काढणं मला सगळ्यात जास्त बोचतं.

मेजवानीला मी उठून बोलणार आहे. हेही सांगणार आहे, वाऱ्याचं. लिहून ठेवते म्हणजे माघार घेता येणार नाही.

ताई


मॅकी कोव्ह, १४ ऑक्टोबर

लायल,

झालं.

माणसं बरीच होती, वरच्या दोन गावांचीही. हेरिंग माशाची अंडी, धुरी दिलेला सॅल्मन, मावशीचं बेरीचं सगळं. मला एक घास गेला नाही. नावाची वेळ आली, मामानं कॉर्बिनला पुढे बोलावलं. कॉर्बिन गेला आणि म्हणाला, "आधी आईला बोलू द्या." बस एवढंच, आणि बाजूला झाला.

आपल्याकडे डाग धुवायचा तर चारचौघांत धुवायचा, आणि ज्यांच्यासमोर धुतला त्यांच्या हातात काहीतरी ठेवायचं, म्हणजे त्यांना आठवण ठेवणं भाग पडतं. मी सगळं घेऊन गेले होते. कॉर्बिनच्या नावासाठी जमवलेली ब्लँकेटं, यंदाच्या सॅल्मनच्या सगळ्या बरण्या, आईची ती निळी शालसुद्धा. उभी राहिले. एकेक सांगत गेले. ठोके मी सांगितले. लायलनं सांगितले नाहीत. हॉलमध्ये तो गप्प बसला आणि मी मूग गिळून बसले. आई गेली तेव्हाही मी गप्प होते. आणि मग वारा. वाऱ्याचं सांगितलं तेव्हा राखणदारांच्या बाकावरून कुणीतरी "अरे देवा" असं हळूच म्हणालं. त्यांना लगेच कळलं, बाकीच्यांना समजावून सांगावं लागलं.

मामा माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "डोरीन, सहा वर्षं तू मला माझ्या भाच्याशी खोटं वागायला लावलंस. मी त्याच्या नावानं रस्त्यावर थुंकलो आहे. ते आता मी कसं परत घेऊ?"

रोडा मावशी माझ्या हातून ब्लँकेट घेताना म्हणाली, "तुझी जीभ, बाई. बांधायची तेव्हा सुटली आणि सोडायची तेव्हा बांधलीस." मग शालीवर हात फिरवत राहिली. आई तिची सख्खी बहीण होती. तिनं शाल घेतली नाही, माझ्याच खांद्यावर परत टाकली आणि म्हणाली, "ही त्याला दे. आणि नदीला सांगितलंस का? गावाशी केलेला अपराध नंतरचा. पहिला त्या अस्वलिणीशी."

नाव कॉर्बिनला दिलं नाही. तुझं जॅकेट मी सहा वर्षं दारामागे टांगून ठेवलं होतं, ते मामानं मागवून घेतलं, रिकाम्या खुर्चीवर ठेवलं आणि नाव त्या खुर्चीला, म्हणजे तुला पुकारलं. सगळ्यांनी ऐकलं. बरणी घेतलेल्या प्रत्येकाला आता ते आठवावं लागेल.

माझी बोट राखणदारांनी काढून घेतली नाही, पण पाहुणे न्यायची परवानगी काढली. पुढच्या हंगामापासून कॉर्बिन नेईल. मला त्याचं वाईट वाटतं. हेही लिहिते, नाही तर तुला वाटेल मी एका दिवसात संत झाले.

ताई


मॅकी कोव्ह, २१ ऑक्टोबर

लायल,

काल नदीवर गेले, मावशीनं सांगितलं म्हणून. कॉर्बिननं बोट हाकली. तो अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो, पण थर्मासमधला पहिला कप त्यानं मला दिला.

हंगाम संपत आलाय. किनाऱ्यावर मेलेले मासे, कावळे, गवत पिवळं. ती पलीकडच्या काठाला होती, पिल्लाला घेऊन माशांची डोकी खात होती, चांगली शंभर पावलं लांब, निवांत. वारा तिच्याकडून आमच्याकडे. मी बाबांचं वल्हं बरोबर घेतलं होतं. कॉर्बिननं इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी ठोकलं. दोन. थांबले. मग एक.

ती एकदम ताठ उभी राहिली, मागच्या पायांवर. आमच्याकडे बघितलंही नाही. पिल्लाला पंजानं मागून असं ढकललं की ते कोलमडलं, आणि दोघं झाडीत. तोंडातला मासा तसाच टाकून. फांद्या मोडत गेल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

थोरली पडली तेव्हा दोन वर्षांची होती ती, लायल. त्या दिवशीही ठोके ऐकून आईच्या मागे आली असणार. तिनं ते लक्षात ठेवलं, आणि आता पिल्लालाही शिकवलं. उरलेला जन्म ते ठोके ऐकले की पळतील, आणि पळतायत तेच बरं आहे.

मला म्हणायचं होतं, "आजी, तुझ्या आईला मी मारलं." रिकाम्या काठाला म्हटलं. कॉर्बिननं टोपी काढली होती. मग मला रडू फुटलं आणि त्यानं बोट वळवली नाही, थांबून राहिला.

घरी आले तर तुझं पत्र. तीनच ओळी. 'शुक्रवारच्या फेरीबोटीनं येतो. जॅकेट धुऊन ठेव. आईच्या घरात झोपेन.' जॅकेट धुतलंय, चुलीजवळ वाळत घातलंय. ती चूल मी काढली नव्हती हे बरं झालं. कॉर्बिननं लाकडं फोडून ठेवलीत. आईची शाल खाटेवर आहे.

माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव, मी धक्क्यावर येणार नाही, कॉर्बिन येईल. फक्त एक काम आहे. बाबांचे ठोके आता त्या नदीवर कुणालाही वाजवता येणार नाहीत. पण न वाजवता तर आत जायचं नाही. नवं काहीतरी लागेल, जे तिनं कधी ऐकलेलं नाही, आणि ते तिला पहिल्यापासून, हळूहळू शिकवावं लागेल, पाच वर्षं लागतील कदाचित. ते तू शोध, तुला सुचेल. शोधलंस की कॉर्बिनला दाखव.

मला सांगू नकोस.

ताई